कर्मजन शिलाई मशीन दुरुस्ती

१२ फेब्रुवारी

प्रिय ठकूस,

आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, पिटुकलीला पापा. मी बरा आहे, गुडघा होता तसाच आहे, दुकान चालू आहे. ख्यालीखुशाली संपली.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. माझा फोन बिघडला आहे म्हणून लिहायला बसलो. बिघडला म्हणजे वाजतो, पलीकडून माणूस बोलतो तेही कळतं, पण आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो. कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे नेला. त्यानं तो स्वतःच्या कानाला लावून बायकोशी यथेच्छ गप्पा मारल्या आणि म्हणाला, "काका, आवाज एकदम झकास आहे." मी म्हटलं, "तुझ्या बायकोचा झकास असेल, तू फोनचं बोल." तर हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. हल्ली काम कुणाला करायला नको, नुसतं झकास म्हणायला पाहिजे.

शिवाय तुझा फोन आलेलाही नाही. त्या रविवारपासून एकदाही नाही. तू रागावली आहेस हे कळायला मला ज्योतिषी नको. तू विचारलंस, मी म्हणालो, "मला जमायचं नाही, आणि पुन्हा हा विषय काढू नकोस." आता बोललो ते बोललो. दरवेळी तेच तेच काय विचारायचं? मी तुमच्याकडे राहायला येणार नाही. दुकान बंद करून चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून मी काय करू, खालून जाणाऱ्यांची टकलं बघू? हे तुला दहादा सांगून झालं आहे आणि दहादा तू "बरं बाबा, तुमची मर्जी" म्हणून दुसरं काहीतरी बोलायला लागली आहेस. या वेळीच एवढं लागायला काय झालं ते मला कळत नाही. लहानपणी रुसलीस तरी जेवायच्या आत भांडायला परत यायचीस. तू अशी गप्प बसलीस की मला चुकल्या चुकल्यासारखं होतं. म्हणून लिहिलं, दुसरं काही नाही.

आता खरी बातमी. दुकानाला नवी पाटी लावली.

त्याच रविवारी तुझ्या आधी पिटुकली फोनवर आली होती, आठवतं? तिला मी विचारलं, अभ्यास करतेस की नुसती उंडारतेस. शाळेत कुणी काही शिकवतं की नाही. दात घासतेस का. तर ती फोन जवळजवळ तोंडात घालून किंचाळली, "आजोबा, यू आर अ कर्मजन!" आणि खिदळत पळाली. ती एकटीच तुमच्या घरात स्पष्ट बोलते. बाकी तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात.

मी त्यानंतर दोन दिवस त्या शब्दावर होतो. कर्मजन! एवढ्याशा पोरीनं काय शब्द काढला! कर्म करणारा जन. फळाबिळाची फिकीर न करता आपलं काम करत राहणारा माणूस. मध्ये इंग्रजी घुसडलंय, पण ते तुमच्याकडच्या शाळेचं वळण. मूळ शब्द आपला आहे. तुला खोटं कशाला सांगू, मला या वयात कुणी एवढं चांगलं म्हटलेलं नाही. कारखान्यात तेवीसएक वर्षं फिटर होतो, शिलाईच्या हॉलमधल्या सगळ्या मशिनी माझ्या जिवावर चालायच्या. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाला, "यांचा स्वभाव जरा कडक होता, पण." पणच्या पुढे काय म्हणाला ते टाळ्यांत गेलं.

मग मी पेंटरला बोलावलं. जुनी पाटी गंजून तिच्यावरची 'दुरुस्ती' गेली होती, नुसतं 'शिलाई मशीन' उरलं होतं, त्यामुळे लोक नवीन मशीन विकत मागायला यायचे. पेंटर म्हणाला, "काका, कर्मजन काय? आडनाव आहे का?" मी म्हटलं, "तुला ब्रश दिलाय, शब्दकोश नाही." लाल जमिनीवर पिवळी अक्षरं, खाली बारीक अक्षरात 'पायमशीन व हातमशीन, सर्व बनावटीच्या'. 'कर्मजन'चा रफार त्यानं 'म'च्या ऐवजी 'ज'वर काढला. माझा आवाज चढला, तेव्हा पुसून परत काढला. आता दिसते छान. समोरचा शिंपी मला कर्मजनकाका म्हणायला लागला आहे.

पिटुकलीला सांग, तिचा शब्द रस्त्यावरून दिसतो. तुलाही राग गेला की लिही.

तुझा, पाटीवर चढलेला,
बाबा


३ मार्च

प्रिय ठकूस,

आशीर्वाद. बाकीच्यांना द्यायचे की नाही ते पत्र संपेपर्यंत ठरवतो.

तुझं कार्ड मिळालं. कार्डच म्हणायचं त्याला, वीजबिलाच्या मागे याहून जास्त मजकूर असतो. "बाबा, पत्र मिळालं. पाटीचं वाचून बरं वाटलं. तुमचं 'नाही' मला समजलं आहे. तुम्ही सांगितलंत म्हणून तो विषय परत काढणार नाही. माझं मी बघते. गुडघ्याला शेक देत जा." मी तीनदा वाचलं. उलट बाजूला काही आहे का तेही बघितलं. तिथे फुलाचं चित्र होतं.

त्यातलं "पाटीचं वाचून बरं वाटलं" हे तू लिहिलंस तेव्हा तुला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता ना? खरं सांग. कारण मला आता माहीत झाला आहे.

परवा एक बाई मशीन घेऊन आल्या. शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आता घरी असतात, नातवंडांचे कपडे शिवतात. रिक्षातून उतरल्या, पाटी बघितली आणि मशीन हातात तशीच धरून हसायला लागल्या. मशीन पडेल म्हणून मीच धावलो. म्हणाल्या, "ही पाटी तुम्ही मुद्दाम लावलीत?"

"मुद्दाम नाही तर काय वाऱ्यानं येऊन बसली?"

"फार मोकळ्या मनाचे आहात हो," म्हणाल्या. "स्वतःबद्दल असं लिहायला हिंमत लागते."

मी जरा फुशारलो आणि त्यांना कर्म आणि जन समजावून सांगितलं. त्यांचं हसू एकदम थांबलं. स्टुलावर बसल्या. मग इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलायला लागल्या. मी काही दुधखुळा नाही. मी म्हटलं, "बाई, काय असेल ते सांगा." तेव्हा त्यांनी सांगितलं की हा अख्खा इंग्रजी शब्द आहे, त्यात कर्मही नाही आणि जनही नाही. दुसऱ्या दिवशी पुरावा म्हणून जाडजूड कोश घेऊन आल्या. मी 'के' काढून शोधायला लागलो तर तो 'सी'मध्ये निघाला, 'curmudgeon' असा. त्या भाषेचं सगळं असंच. अर्थ बाईंनी बोट ठेवून वाचून दाखवला: चिडखोर, कुरकुऱ्या माणूस, विशेषतः म्हातारा.

विशेषतः म्हातारा! म्हणजे तरुणपणी केलेली चिडचिड धरतच नाहीत. पूर्वी त्याचा अर्थ कंजूषही व्हायचा, आता होत नाही म्हणे. तेवढे उपकार.

आणि हा शब्द मी लाल जमिनीवर पिवळ्या अक्षरांत लिहून भर रस्त्यात लावला आहे. रोज सकाळी फडक्यानं पुसतो.

मला राग तुझ्या पोरीचा आला नाही. सात वर्षांच्या पोरीला तो शब्द आकाशातून पडून मिळत नाही. तुमच्या घरात कुणीतरी माझ्याविषयी बोलताना वापरला असेल, तो तिनं उचलला. जावईबापू असलं बोलायचे नाहीत, त्यांना माझ्यासमोर घाम फुटतो. म्हणजे तूच. बरं, बापाला नावं ठेवायची तर आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ पडला होता का? तिरसट म्हण. खडूस म्हण, पण खडूस साहेबाला शोभतं. किरकिऱ्या मुलाला म्हणतात. खाष्ट म्हणायला मी कुणाची सासू नाही, आणि सासरा खाष्ट असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तुसडा मात्र म्हणू नकोस. तुसड्याच्या दारात माणूस दुसऱ्यांदा पाऊल टाकत नाही, आणि माझ्याकडे तर हल्ली माणसं तीच मशीन घेऊन दोनदोनदा येतात.

हे सगळं मी बाईंनाही ऐकवलं. त्या म्हणाल्या, "अहो, तो शब्द तसा नाही. शेजाऱ्यावर भडकलो की हा शब्द कुणी वापरत नाही, त्याला दुसरे आहेत. हा घरातल्या माणसाचा शब्द. मुलं आजोबांना म्हणतात. बायका म्हाताऱ्या नवऱ्याला म्हणतात, आणि म्हणताना त्याच्यासाठी चहा टाकत असतात. त्यात बहुतेक वेळा लोभ असतो."

"बहुतेक वेळा म्हणजे? आहे की नाही?"

"ते शब्दावरून नाही कळत," म्हणाल्या. "म्हणणाऱ्याच्या आवाजावरून कळतं."

मी मान हलवली आणि त्यांच्या मशीनचं झाकण उघडलं.

बाईंना असल्या गोष्टींची हौस आहे. त्यांनी आणखी एक किस्सा सांगितला, तो पिटुकलीला सांग. हा शब्द आला कुठून ते अजून कुणालाच माहीत नाही. पूर्वी एका मोठ्या कोशकाराला कुणीतरी पत्रानं कळवलं की तो फ्रेंचमधल्या 'दुष्ट काळीज' अशा दोन शब्दांवरून आला. त्यानं ते छापलं आणि खाली लिहिलं, 'एका अनोळखी पत्रलेखकाकडून'. पुढच्या कोशकारानं त्याचं बघून आपला कोश केला, पण त्याला फ्रेंच येत नव्हतं. त्याला वाटलं, पहिल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ 'अनोळखी' आणि दुसऱ्याचा 'पत्रलेखक'. तसंच छापून मोकळा झाला! म्हणजे या शब्दानं फसवलेला मी काही पहिला नाही. एवढे शिकलेले लोक फसले, मी तर फिटर.

बाई स्वभावानं चांगल्या आहेत, पण बोलणं त्यांचंही पुटपुटतं. जाताना म्हणाल्या, "कधी देऊ?" मी म्हटलं, "काम झाल्यावर द्या." तर म्हणतात, "काम झाल्यावरच, पण कधी?" मी म्हटलं, "बाई, मी आगाऊ घेतच नाही." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, "मशीन. कधी. नेऊ?" आता नेऊ म्हणायचं तर नेऊ म्हणावं माणसानं. शाळेत मुलांना काय कळत असेल देव जाणे.

असो. पाटीचं काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. पेंटर म्हणतो, अर्ध्या दिवसात पुसून देतो. तो आता अर्थ कळल्यापासून फार प्रेमानं बोलतो माझ्याशी, त्याचा वेगळा संताप येतो.

एक विचारायचं राहिलं. "माझं मी बघते" म्हणजे तू काय बघतेस? तू मला तिकडे राहायला ये म्हणालीस, मी नाही म्हणालो. त्यात तुझं तू बघण्यासारखं काय उरतं? ते वाक्य मला नीट लागत नाही. मी ते कार्ड शिलाईच्या मापाच्या टेपखाली ठेवलं आहे, जाता येता वाचतो. वाटलं तर लिही. नसेल वाटत तर राहू दे.

सगळ्यांना आशीर्वाद दिले. जावईबापूंनाही.

तुझा, विशेषतः म्हातारा,
बाबा


२१ मार्च

प्रिय ठकूस,

आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. यायला हवं होतं असंही नाही, मी लिहिलं होतं राहू दे म्हणून. हे पत्र मात्र नीट बसून वाच. शक्यतो एकटी असताना वाच.

बाईंची मशीन मी दुरुस्त करून ठेवली होती. शटल घासलं होतं, ते बदललं, दाते साफ केले, पट्टा आवळला, तेल दिलं. चालवून बघितली. लोण्यासारखी चालत होती. बाई घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "तो टकटक आवाज तसाच आहे." मी चालवली. म्हटलं, "कुठे आहे आवाज?" त्यांनी चालवली. मी वाकून बघितलं. आवाज नाही. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला भास होतोय. मशीन गप्प आहे." तेवढ्यात समोरचा शिंपी दोरा मागायला आला होता तो दारातूनच म्हणाला, "काका, एवढी खडखडतेय की माझ्या दुकानात ऐकू येतेय."

मी त्याच्यावर खेकसलो. तुझं दुकान सांभाळ म्हणालो. तो गेला. बाईंनी माझा हात धरला, चांगला घट्ट पकडून, आणि मशीनच्या डोक्यावर उपडा ठेवला, आणि पायानं पायडल मारलं. ठकू, हाताला लागत होतं. प्रत्येक टाक्याला एक ठोका. सुईचा दांडा सैल होता. कारखान्यात असताना मी हॉलच्या दारात उभा राहून सांगायचो, तिसऱ्या रांगेतली खिडकीजवळची मशीन बिघडते आहे, बघा. माझ्या हातून आवाज करणारी मशीन गिऱ्हाइकाकडे कधी गेली नव्हती. आणि आता कळलं की लोक तीच मशीन घेऊन परत का येत होते. बिचारे सांगत असतील, मला वाटायचं उगाच कुरकुर करतात.

बाई माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येत नाही. डॉक्टरकडे जा." मी म्हटलं, दुकान बंद व्हायची वेळ झाली. सकाळचे अकरा वाजले होते.

चार दिवस मी दुकान खरंच बंद ठेवलं. मग गेलो. कानाच्या दवाखान्यात पूर्वीच्या फोनबूथएवढी एक काचेची खोली असते, तीत आपल्याला बसवतात. कानाला हेडफोन लावायला देतात आणि हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर एक मुलगी यंत्रापाशी बसली होती. मी ठरवलं होतं की एकही आवाज सोडायचा नाही, म्हणून जरा काही वाटलं की दाबत होतो. थोड्या वेळानं तिनं दार उघडलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, मी अजून चालूच केलेलं नाही." मला हसू आलं. ती पण हसली. मग मी निमूटपणे, खरंच ऐकू आलं तेव्हाच दाबलं. दाबायची वेळ फार कमी वेळा आली.

डॉक्टर म्हणाले, हे आजचं नाही. हॉलमधल्या त्या मशिनींनी वर्षानुवर्षं थोडं थोडं खाल्लं आहे. बारीक आणि हळू आवाज आधी जातात. समोरचा ओरडला तर ऐकू येतं, पण कुजबुजला तर फक्त गुणगुण. त्यांनी विचारलं, "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" मी म्हटलं, घरात मीच आहे.

पण ते पूर्ण खरं नव्हतं. तुझ्या आईच्या लक्षात आलं होतं. तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मीही तिला कधी विचारलं नाही. आठव, ती दुकानात बसून गिऱ्हाइकाचं वाक्य परत म्हणायची. "हो का, धागा तुटतो का सारखा?" "अच्छा, उद्या संध्याकाळपर्यंत हवी?" मी तिच्यावर वैतागायचो की ही पोपटासारखी काय बोलते. ती माझ्यासाठी बोलत होती. ती गेल्यावर मला वाटलं, लोकच हळू बोलायला लागले.

आणि माझा स्वभाव. डॉक्टरांकडून परत येताना चालत आलो आणि सगळा रस्ता त्याचाच विचार करत होतो. मी मुळात काही लोण्याचा गोळा नव्हतो, हे कबूल. पण एवढा तिरसट मी कधी झालो? "काय?" म्हणून विचारलं की माणूस एकदा परत सांगतो. दुसऱ्यांदा विचारलं की जरा त्रासून सांगतो. तिसऱ्यांदा म्हणतो, "जाऊ दे, काही नाही." त्या 'जाऊ दे'ची मला इतकी भीती बसली, ठकू, की मी विचारायचंच सोडलं. त्यापेक्षा खेकसणं सोपं. आपण खेकसलो की समोरचाही चिडतो आणि मोठ्यानं बोलतो. मग ऐकू येतं. मी जगाशी भांडत होतो असं नाही. मी त्याला जोरात बोलायला लावत होतो. हे मला चालताना कळलं आणि मी रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

पाटी मी काढणार नाही. पिटुकलीला सांग, शब्द तू बरोबर वापरला होतास, आजोबांनीच अर्थ चुकीचा लावला. गंमत बघ, त्या दिवशीच्या अख्ख्या फोनमध्ये मला जर काही स्वच्छ ऐकू आलं असेल तर तो एक शब्द. तोही समजला नाही.

आता त्या फोनचं सांगतो. हे लिहायला मला तीन पत्रं लागली.

पिटुकली पळाली, मग तू आलीस. आधी तू नेहमीसारखं बोललीस, गुडघा कसा आहे, जेवता का वेळेवर. ते मला पाठ आहे, न ऐकताही उत्तर देता येतं. मग तू आवाज खाली घेतलास. कदाचित घरात कुणी ऐकू नये म्हणून असेल. तिथून पुढे मला एक शब्द ऐकू आला नाही. नुसती गुणगुण. चांगली लांबलचक होती. मध्ये एकदा तू थांबलीस. मध्ये एकदा 'बाबा' म्हणालीस, तेवढं कळलं, कारण ते तू जरा वेगळं म्हणालीस. मग शेवटी सूर वर गेला आणि तू गप्प झालीस. म्हणजे प्रश्न होता.

मी विचारायला हवं होतं, काय म्हणालीस. पण त्याआधीच्या रविवारी मी तुला तीनदा 'काय' विचारलं होतं आणि तू 'जाऊ दे बाबा' म्हणाली होतीस. मला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं. मी स्वतःशी म्हटलं, नेहमीचंच असणार, तिकडे राहायला या. आणि नेहमीचं उत्तर दिलं. आणि तू परत विचारशील आणि माझं पितळ उघडं पडेल म्हणून वर जोडलं, पुन्हा हा विषय काढू नकोस. तू "बरं" म्हणालीस की नाही तेही मला माहीत नाही. मी फोन ठेवला होता.

मग तुझं कार्ड आलं, "माझं मी बघते". नेहमीच्या प्रश्नाला हे उत्तर होत नाही, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हाच कळलं होतं. तरी मी तुला शब्दकोश ऐकवत बसलो. तुला कसला तरी आधार हवा होता, तू सगळा धीर गोळा करून मला विचारलंस, आणि मी न ऐकता तुला नाही म्हणून टाकलं. दीड महिना तू ते खरं धरून चालली आहेस. मला याचं फार वाईट वाटतं. रात्री झोप लागत नाही, आणि मी तुला सांगतो, झोप लागत नाही असं लिहिणारा माणूस मी नाही.

काय विचारलंस ते मी ओळखायचा खूप प्रयत्न केला. जमलं नाही. तू आजारी आहेस का? तुम्हा दोघांचं काही बिनसलं आहे का? तू मला बोलावत होतीस की स्वतः यायचं म्हणत होतीस? जावईबापूंना मी काही विचारलेलं नाही, ते तुझं आहे, तू सांगशील तेव्हा. बोलावलं असशील तर दुकानाला कुलूप लावून येतो, चौथा मजला तर चौथा मजला. यायचं म्हणत असशील तर मागच्या खोलीतल्या सगळ्या मोडक्या मशिनी मी काल पुढे आणून ठेवल्या, खोली पुसली, खिडकी उघडते आहे, पिटुकलीच्या उंचीची एक खुंटी ठोकली. शिंप्यानं मदत केली. मी त्याच्याशी नीट बोललो तर तो घाबरला. आणि तिसरंच काही असेल तर तेही चालेल.

कानात घालायचं यंत्र पुढच्या आठवड्यात मिळेल. डॉक्टर म्हणाले, सवय व्हायला वेळ लागतो, फोनवर लगेच जमेल असं नाही. तोवर थांबू नकोस. पुन्हा हा विषय काढू नकोस असं मी म्हणालो होतो, ते मागे घेतो. विषय काढ. तेच, तसंच, सगळं कागदावर लिही, आणि अक्षर मोठं काढायची गरज नाही, डोळे चांगले आहेत.

उत्तर मी आधीच देऊन ठेवतो. हो.

तुझा बहिरा,
बाबा